गाव उठले, चर्च राहिले

१८७० सालापर्यंत यॉर्कशायरमधल्या थिक्सेनडेल गावात कुणाचे लग्न ठरले, कुणाला मूल झाले किंवा कुणी दगावले, की माणसे तीनेक मैलांची चाल करून टेकड्यांपलीकडच्या एका चर्चमध्ये जात. चर्च ज्या गावाचे म्हणून ओळखले जाई, ते गाव मात्र तिथे नव्हते. एक शेतवाडी, शेतमजुरांची काही बिऱ्हाडे आणि बाकी सगळे गवत. शेवटच्या कुळांना उठवून साडेतीनशे वर्षे उलटली होती. तरी घंटा वाजत होती, नोंदवह्या भरत होत्या, थडगी वाढत होती.

हे गाव म्हणजे व्हॅरम पर्सी. यॉर्क शहराच्या पूर्वेला खडूच्या दगडाच्या बुटक्या टेकड्यांचा जो पट्टा आहे, त्याला यॉर्कशायर वोल्ड्स म्हणतात. माथ्यावर सपाट शेतजमीन आणि मध्ये खोल, अरुंद, बहुधा कोरड्या दऱ्या. त्यांतल्याच एका दरीच्या काठावर हे गाव होते. जवळचे बाजाराचे गाव माल्टन. आपल्याकडच्या महसुली दप्तरात ज्याला बेचिराख गाव म्हणतात, तसे हे. इंग्लंडमध्ये मध्ययुगात वसलेली आणि नंतर उठलेली अशी तीन हजारांहून अधिक गावे आतापर्यंत हाती लागली आहेत. त्या सगळ्यांत व्हॅरम पर्सीच प्रसिद्ध का, याचे कारण त्या गावात काही अघटित घडले हे नव्हे. तिथे चाळीस वर्षे उत्खनन झाले, एवढेच. ज्या गावाबद्दल खरोखरच फारसे काही सांगण्यासारखे नव्हते, त्याच गावाबद्दल आज सर्वांत जास्त सांगता येते. या पुस्तकाचा विषय मला याच कारणाने आवडला.

१९४० च्या दशकात इंग्लंडच्या आर्थिक इतिहासातली वजनदार मंडळी असे मानत की उठलेली गावे त्या देशात फार क्वचित सापडतात. मॉरिस बेरेसफर्ड नावाच्या तरुण इतिहासकाराला हे पटत नव्हते. तो आधी इंग्लंडच्या मध्य भागात, मिडलंड्समध्ये होता. जुने शेतनकाशे घेऊन रानोमाळ हिंडायची त्याला सवय होती, आणि नकाशावर गाव व जमिनीवर कुरण असा प्रकार त्याला पुन्हा पुन्हा दिसत होता. १९४८ मध्ये तो लीड्स विद्यापीठात शिकवायला आला आणि त्याच वर्षी व्हॅरम पर्सीला पोहोचला. घरांचे चौथरे, परसांचे बांध, गावातला खोलगट रस्ता हे सगळे तिथे गवताखाली उंचसखल होऊन पडलेले होते. तिरप्या उन्हात तर नकाशाच काढून ठेवल्यासारखे दिसते.

१९५० मध्ये त्याने फावडे मारले. पुरातत्त्वाचे शिक्षण त्याला नव्हते. गाव केव्हा उठले एवढेच त्याला हवे होते, म्हणून भिंत सापडली की तिच्या कडेने खणत जायचे, अशी त्याची रीत. १९५२ मध्ये जॉन हर्स्ट हा पुरातत्त्वज्ञ येऊन मिळाला आणि काम शिस्तीला लागले. अरुंद चर खणून आत डोकावण्याऐवजी डेन्मार्कमधल्या पद्धतीप्रमाणे अख्ख्या घराची जागा उघडायची आणि एकेक थर सोलत खाली जायचे, हे इंग्लंडमधल्या मध्ययुगीन खेड्याच्या बाबतीत इथे रुजले. खोदकाम हर्स्टचे, माणसे बेरेसफर्डची, अशी वाटणी पडली. दर जुलैमध्ये तीन आठवडे विद्यार्थी, शिक्षक, हौशी मंडळी जमत आणि उरलेल्या जुन्या बिऱ्हाडांत मुक्काम करत. १९९० पर्यंत हे चालले. एवढ्या वर्षांत उघडला गेला तो गावाचा थोडासाच भाग.

खणायला सुरुवात झाली तेव्हा सगळ्यांच्या मनात एक चित्र पक्के होते. अँग्लो-सॅक्सन लोक समुद्रापलीकडून आले, त्यांनी रान तोडले, गाव वसवले, आणि तेच गाव पुढे नांदत राहिले. व्हॅरमच्या मातीने हे चित्र पुसून टाकले. त्या माथ्यावर रोमन काळाच्याही आधीपासून शेतकरी होते. सॅक्सन काळातही वस्ती होती, पण ती विखुरलेल्या वाड्यांची होती. एका रस्त्याच्या कडेने ओळीने घरे, प्रत्येक घरामागे मापून दिलेले परस, अशी आखीव मांडणी त्यानंतरची आहे. दहावे ते बारावे शतक हा त्याचा अदमास. म्हणजे ज्याला आपण ‘अनादी काळापासूनचे गाव’ म्हणतो ते कुणीतरी एकदा दोरी लावून आखलेले होते. १०८६ च्या डूम्सडे या जमीन-पाहणीच्या नोंदींत व्हॅरमचे नाव आहे. ‘पर्सी’ हे नाव पुढे आलेल्या जमीनदार घराण्याचे. गावात एके काळी दोन जमीनदारवाडे होते. त्यांतल्या एकाचे दगडी तळघर १९५० च्या दशकात अगदी अनपेक्षितपणे कुळांच्या घरांखाली सापडले. धन्याचा वाडा पाडून त्या जागी कुळांची घरे उठली होती. इतिहासात सहसा याच्या उलटे घडते, म्हणून मुद्दाम सांगतो.

घरे लांबट. एका टोकाला माणसे, दुसऱ्या टोकाला बहुतेकदा गुरे, मधे आडवी वाट. खणणाऱ्यांना सुरुवातीला वाटले की ही घरे तकलादू असणार, दर पिढीला पडणारी आणि पुन्हा बांधावी लागणारी, कारण भिंतींचे पाये एकावर एक वेगवेगळ्या दिशांना गेलेले दिसत. पुढे १९८० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ स्टुअर्ट रॅथमेल यांनी याच पुराव्याचा वेगळा अर्थ लावला. घराचा भार भिंतींवर नव्हताच. जमिनीपासून आढ्यापर्यंत वाकत गेलेल्या लाकडी जोडखांबांनी छप्पर पेलले होते, आणि मधल्या भिंती केव्हाही बदलता येत. त्यामुळे ‘दरिद्री कुणब्याची झोपडी’ रातोरात बऱ्यापैकी टिकाऊ घर झाली. माती तीच, दगड तेच, फक्त वाचणारा बदलला. जमिनी झाडून झाडून मध्ये खोलगट झालेल्या होत्या, इतक्या की घरात वस्तू म्हणावी असे फार थोडे उरले होते. पुरातत्त्वज्ञाचे काम अवघड करणाऱ्या त्या गृहिणींबद्दल मला फार आदर वाटतो.

आता चर्चकडे वळतो, कारण या पुस्तकाचा कणा तेच आहे.

सेंट मार्टिनचे चर्च गावाच्या खालच्या अंगाला, दरीत, तळ्याच्या काठी आहे. आधी तिथे धान्य दळण्याची पाणगिरणी होती, मग त्याच बांधाने माशांचे तळे झाले. १९६२ ते १९७४ या काळात चर्चच्या आत आणि भोवती उत्खनन झाले. एका चर्चखाली चर्चांची उतरंड निघाली. सर्वांत खाली खांबांचे खळगे, म्हणजे दहाव्या शतकातले लहानसे लाकडी चर्च. त्या काळात असे चर्च बहुधा जमीनदार स्वतःसाठी बांधी आणि ते त्याच्या मालमत्तेत मोजले जाई. त्यावर दोन खोल्यांचे दगडी चर्च. मग बाराव्या शतकात बरेच मोठे, मनोरा असलेले चर्च. त्या शतकाच्या अखेरीपासून ते रुंदावत गेले. आधी दक्षिणेला पडवी जोडली, मग उत्तरेला. भिंत पाडून तिच्या जागी कमानींची ओळ केली, म्हणजे मुख्य दालन आणि पडवी एक झाली. चौदाव्या शतकात ईशान्येला आणखी एक प्रार्थनादालन आले. मग ही वाढ थांबली आणि चर्च आकसू लागले. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून पडव्या एकेक करून पाडल्या गेल्या, कमानी दगडांनी भरून काढल्या आणि पाडलेल्या भागातल्या खिडक्या त्या भरावात बसवल्या. सतराव्या शतकात वेदीकडचा भागही आखूड केला. आज तिथे उभे राहिले तर भिंतीत बुजलेल्या कमानी स्पष्ट दिसतात.

बघणाऱ्याला लगेच वाटते की हा तर गावाच्या लोकसंख्येचा आलेख झाला. माणसे वाढली तसे चर्च वाढले, घटली तसे घटले. बरेच जण असेच लिहीत आले आहेत. मला हे अर्धेच पटते. सेंट मार्टिन एकट्या व्हॅरम पर्सीचे चर्च नव्हतेच. ते पॅरिशचे होते. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या आणि एका पाद्र्याच्या वाट्याला आलेला इलाखा. त्या इलाख्यातला शेतकरी आपल्या पिकाचा दहावा हिस्सा त्या चर्चला देणार, तिथेच लग्न लावणार आणि तिथेच पुरला जाणार. व्हॅरम पर्सीच्या पॅरिशमध्ये पाच गावे होती. व्हॅरम पर्सी, रेस्थॉर्प, बर्डेल, टोथॉर्प आणि थिक्सेनडेल. या पाचांपैकी चार उठली किंवा एखाददुसऱ्या वाडीवर आली. गाव म्हणून टिकले ते फक्त थिक्सेनडेल. हे ध्यानात घेतले की भिंतींचा अर्थ बदलतो. चर्च आकसले ते चार गावे गेली म्हणून, आणि उरले ते पाचवे राहिले म्हणून.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणे वेदीकडच्या भागाची डागडुजी दशांशाचा हक्कदार करी आणि लोक बसत त्या दालनाची डागडुजी लोक स्वतः करत. गळक्या पडवीवर पुन्हा शिसे चढवायचे की ती पाडून टाकायची, हा हिशेब हातावर मोजण्याइतक्या कुटुंबांनी केला असणार. तो श्रद्धेचा ऱ्हास नव्हता. छपराचा खर्च होता.

चर्चच्या आवारातून आणि आतून सहाशे सत्त्याऐंशी माणसांचे सांगाडे निघाले. काळ दहाव्या शतकापासून थेट एकोणिसाव्यापर्यंत. एका सामान्य इंग्रज खेड्यातल्या माणसांचा एवढा मोठा संग्रह दुर्मीळ आहे, आणि इंग्लंडच्या पुरावशेष-प्रयोगशाळेत सायमन मेज यांनी त्यावर अनेक वर्षे काम केले. चौदा वर्षांचे मूल उंचीने आजच्या दहा वर्षांच्या मुलाएवढे असे. मोठेपणी ही तूट बरीच भरून निघे, कारण वाढ उशिरापर्यंत चालू राही. हाडांतल्या नायट्रोजनवरून दिसते की आया मुलांना साधारण दीड वर्षापर्यंत अंगावर पाजत. सुमारे चाळिशीच्या एका माणसाच्या कवटीवर जबर मार बसला होता, कुणीतरी त्या जागेचे हाड कापून काढले होते आणि नंतर जखम भरून आली होती. अकराव्या शतकाच्या आसपासची ही गोष्ट. जवळपास कुठेतरी कवटी उघडण्याइतका हात बसलेला वैद्य होता आणि त्याच्यापर्यंत एक कुणबी पोहोचला होता, एवढ्यावर थांबायला माझी हरकत नाही. त्यापुढचे सगळे कल्पनेचे खेळ आहेत.

वाचकाला सर्वांत आधी पाहावीशी वाटेल अशी गोष्ट मात्र चर्चच्या आवाराबाहेर, घरांच्या मधल्या एका खड्ड्यात सापडली. निदान दहा माणसांची सुमारे एकशे सदतीस हाडे. काळ अकरावे ते चौदावे शतक. त्यांच्यावर सुरीच्या खुणा, जाळल्याच्या खुणा आणि फोडल्याच्या खुणा होत्या. २०१७ मध्ये हिस्टॉरिक इंग्लंड ही वारसा जपणारी सरकारी संस्था आणि साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी यावर निबंध प्रसिद्ध केला. ही परकी माणसे असावीत, ही शंका दातांच्या रासायनिक तपासणीने टिकू दिली नाही. ती त्याच मुलखात वाढली होती. दुष्काळात माणसांनी माणसे खाल्ली, ही शक्यताही त्यांनी तपासली, पण सुरीच्या खुणा बऱ्याचशा डोके-मानेशी होत्या. मांस काढताना त्या तिथे येत नाहीत. म्हणून त्यांचा कौल असा की मेलेली माणसे उठून गावात फिरतात या भीतीने गावकऱ्यांनी ही प्रेते तोडली आणि जाळली. बाराव्या शतकात याच यॉर्कशायरमधल्या विल्यम ऑफ न्यूबर्ग या मठवासी इतिहासकाराने अशा उठणाऱ्या मुडद्यांच्या हकिकती गंभीरपणे नोंदवल्या आहेत. हा कौल मला पटण्यासारखा वाटतो, पण तो कौल आहे, निकाल नव्हे. वर्तमानपत्रांनी हा भेद पाळला नाही. चर्चची भिंत हाकेच्या अंतरावर असताना हे झाले, हेही विसरू नये. धर्माची शिकवण आणि गावाची भीती एकाच दरीत शेजारी नांदत होत्या.

गाव मेले कशाने, हा प्रश्न मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला आहे, कारण त्याचे उत्तर सगळ्यांना आधीच माहीत असल्यासारखे वाटते. इंग्लंडमध्ये कुठल्याही उठलेल्या गावाजवळ थांबून विचारा, ‘काळ्या मरीने गेले’ असे उत्तर येईल. १३४९ च्या त्या प्लेगच्या साथीने व्हॅरमला हात लावला होता, त्या वर्षी इथल्या जमीनदारालाही मरण आले. पण त्याआधीच, १३२३ च्या चौकशीत, बरीचशी जमीन पडीक आणि दोन्ही गिरण्या मोडकळीला आलेल्या आढळल्या होत्या. साथीनंतर दोन दशकांनीही, १३६८ मध्ये, तीसच्या आसपास घरे नांदती होती. पंधराव्या शतकाच्या मध्याला ती सोळा उरली. साथीने गाव मारले नाही. साथीने देशभर माणूस महाग केला, चांगल्या जमिनीवर जागा मोकळ्या केल्या, आणि खडूच्या माथ्यावर राबणाऱ्या कुळाला दुसरीकडे जाण्याची संधी दिली.

१४०३ च्या सुमारास पर्सींनी अदलाबदलीत ही जमीन हिल्टन घराण्याला दिली. नवे धनी लांब उत्तरेकडे राहत. मजूर महाग आणि लोकर फायद्याची झाली, की धान्यापेक्षा मेंढ्या परवडतात. त्यांना नांगर लागत नाही, चार मेंढपाळ पुरतात. १५१७ मध्ये राजाचा मुख्य मंत्री कार्डिनल वूल्झी याने नेमलेल्या चौकशी आयोगापुढे नोंद झाली, की १४८८ नंतरच्या काळात बॅरन हिल्टनने व्हॅरम पर्सीत चार नांगर बंद केले आणि चार घरे पडू दिली. ही नोंद प्रसिद्ध आहे, आणि तिच्यामुळे मरीच्या जागी मेंढी आरोपी झाली. रोगापेक्षा माणूस दोषी निघणे मला अधिक खरे वाटते. साथीवर ढकलले की जाब विचारायला कुणी उरत नाही. पण इथेही हात आखडून लिहायला हवे. नोंद चार घरांची आहे आणि त्याआधीच्या आकड्यात सोळा आहेत. मधली बारा कुटुंबे हुसकावली गेली नाहीत, ती निघून गेली असावीत; एकेक करून, मुलगा शेजारच्या गावी, मुलगी सासरी, बापाच्या माघारी जमीन घ्यायला कुणी नाही. हिल्टनने केलेला अन्याय खरा होता. तो मरणपंथाला लागलेल्या गावावर झाला, हेही तितकेच खरे.

चर्चचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. १८७० मध्ये स्लेडमियरच्या सर टॅटन साइक्स या जमीनदाराने थिक्सेनडेलला स्वतंत्र चर्च बांधून दिले, जॉर्ज एडमंड स्ट्रीट या नामांकित वास्तुविशारदाकडून. वोल्ड्सवर नवी चर्चे बांधायचा आणि जुनी दुरुस्त करायचा टॅटनना नाद होता. पाचवे गावही हातचे गेल्यावर सेंट मार्टिनला आसपासच्या वाड्यांवरची तुरळक माणसेच उरली. १९४९ मध्ये तिथे शेवटची प्रार्थना झाली. मग छपराचे शिसे चोरीला गेले आणि १९५९ मध्ये मनोऱ्याचा निम्मा भाग कोसळला. तोवर खणणारे जवळपास दहा वर्षे शेजारी ठाण मांडून होते.

जवळच्याच व्हॅरम-ले-स्ट्रीट या वेगळ्या पॅरिशच्या गावाबद्दल या पुस्तकात एक लहान प्रकरण आहे. तिथल्या अकराव्या-बाराव्या शतकांच्या संधीवरच्या मनोऱ्याची ठेवण स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या सेंट रूल मनोऱ्याशी जुळते, असे जाणकारांच्या फार आधी ध्यानात आले आहे. ते प्रकरण ज्यांना दगडकामात रस नाही त्यांनी खुशाल ओलांडावे.

उत्खननाचे अहवाल तेरा खंडांत निघाले आणि शेवटचा, व्हॅरम आणि शेजारच्या गावांचा इतिहास सांगणारा, २०१२ मध्ये आला. पहिले फावडे मारल्याला तेव्हा बासष्ट वर्षे झाली होती. बेरेसफर्ड आणि हर्स्ट दोघेही हयात नव्हते. हे खंड एकमेकांशी नेहमी सहमत नाहीत. घरे तकलादू म्हणणारा आणि घरे भक्कम म्हणणारा, दोघेही याच मालिकेत भेटतात. म्हणून पुढच्या पानांत जिथे जिथे ‘असे आढळले’ म्हटले आहे, तिथे ते कोणाला आणि कोणत्या वर्षी आढळले, हेही शक्य तितके शेजारीच दिले आहे.